पाठीत ‘कड्’ झालं म्हणून धाप थांबेल का?

कोथरूडच्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. ८०० आणि १५०० मीटर धावते, सराव सणस मैदानावर. तीन महिन्यांपासून उजव्या फऱ्याखाली पाठ दुखते, खोल श्वास घेतला की चमक निघते. शिवाय शेवटच्या फेरीत ‘श्वास आतच जात नाही’ म्हणते आणि घशातून शिट्टीसारखा आवाज येतो. एका डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला, फरक पडला नाही. दुसऱ्यांनी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली. त्या गोळीने दुखणं थांबतं म्हणून ती गेले पाच आठवडे रोज चालू आहे. आता नातेवाइकांच्या सांगण्यावरून एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने झटके देऊन मणके ‘बसवणाऱ्या’ उपचारकाकडे, नेलं. ‘मणके सरकलेत, बसवले की दमही मोकळा होईल’ असं म्हणून त्यांनी बारा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय. स्पर्धा महिन्यावर आली आहे. पैसे भरायचे का?

मी पुण्यात चोवीस वर्षं खेळाडूंच्या दुखापतींवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी उत्तर देते, कारणं मागून. पॅकेजचे पैसे भरू नका. गोळी बंद व्हायला हवी, पण उद्या सकाळी एकदम नाही. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना भेटून ती टप्प्याटप्प्याने उतरवा. आणि श्वासाची तपासणी ती धावत असताना किंवा धावून थांबल्याबरोबर झाली पाहिजे. दवाखान्यात अर्धा तास बसून राहिल्यावर छातीला नळी लावली तर काही सापडणार नाही.

तुमच्या लेकीच्या तक्रारी दोन आहेत. घोळ झालाय तो आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो म्हणून: ‘श्वास घेता येत नाही’. एक, बरगडी दुखते म्हणून ती श्वास अर्ध्यात तोडते. दोन, जोर लावल्यावर घशातली वाट अरुंद होते म्हणून हवा आत जात नाही. पहिलीला हाताचा उपचार लागू पडतो. दुसरीला पाठीवर कितीही दाबलं तरी काही होणार नाही. कायरोप्रॅक्टरच्या टेबलावरून उठल्यावर तिला ‘मोकळं वाटलं’ असेल तर ते खोटं नाही. पहिली तक्रार थोडी हलकी झाली असेल. पण मैदानावर शेवटच्या फेरीत अडवते ती दुसरी.

आधी बरगडीबद्दल. बरगड्यांच्या बारा जोड्या मागे मणक्यांना लहान लहान सांध्यांनी जोडलेल्या असतात आणि प्रत्येक श्वासाला हलतात. दिवसाचे वीस हजारांच्या आसपास श्वास धरा, म्हणजे या सांध्यांना रजा नाही. यातला एखादा धरला की फऱ्याच्या आत, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखतं. मोठा श्वास, शिंक किंवा कुशीवर वळणं, सगळ्याला चमक. अशा मुलीला मी पालथं झोपवते, तळहाताची कड बरगडीच्या मागच्या टोकाशी ठेवते आणि सावकाश श्वास घ्यायला सांगते. चांगल्या बाजूची बरगडी बादलीची कडी उचलावी तशी हाताखालून वर येते. दुखऱ्या बाजूची निम्म्यात थांबते, आणि त्याच क्षणी मुलगी श्वास तोडते. ते हाताला स्पष्ट कळतं. मग तिच्या श्वास सोडण्याबरोबर हलका दाब, आठ-दहा वेळा, आणि पुन्हा तपासणी. पुष्कळदा त्याच दिवशी श्वास थोडा खोल जायला लागतो. मधे कधी ‘कड्’ आवाज येतो, कधी येत नाही. त्याने परिणामात काही फरक पडल्याचं मला दिसलेलं नाही.

त्या आवाजाभोवतीच सगळा बाजार उभा आहे, म्हणून सांगते. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये बोटाचा सांधा ओढतानाचं एमआरआय चित्रण प्रसिद्ध झालं, त्यात हे घडताना दिसतं. तोच सांधा पुढची वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही. मणका जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे, कारण मणका जागेवरून गेलेलाच नसतो. मणका खरोखर सरकण्याचा आजार वेगळा आहे, तो एक्स-रेवर दिसतो आणि तो कुणी झटका देऊन बसवत नाही.

‘सरकलेले मणके सगळ्या रोगांचं मूळ’ हा विचार अमेरिकेतला. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी एका बहिऱ्या माणसाची पाठ दाबली आणि त्याला ऐकू यायला लागल्याचा दावा केला. तिथून कायरोप्रॅक्टिक सुरू झालं. आज तिथे त्याचं रीतसर शिक्षण आणि परवाना आहे, आणि त्यातले बरेच जण पाठदुखीपुरतंच नीट काम करतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. कंबरदुखीसाठी मणक्यांच्या हस्तोपचाराला थोडा आधार आहेही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शनात शेक, मसाज, व्यायाम यांच्याच रांगेत तो आहे. रांगेत आहे, सगळ्यांच्या पुढे नाही. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायची रीत होती, आणि उसण जायचीही. कारण साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते. शेवटचा उपचार ज्याने केला, श्रेय त्याला मिळतं.

श्वासाचं मात्र थेट तपासून झालेलं आहे. कॅनडात दमा असलेल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला खरा कायरोप्रॅक्टिक उपचार, दुसऱ्याला नुसता त्याच्यासारखा दिसणारा. हा अभ्यास १९९८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. खऱ्या उपचाराने वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून ‘मणके बसवले की दम सुटेल’ हे वाक्य जिथे ऐकलंत तिथून उठायचं. भारतात या शाखेची वेगळी वैधानिक परिषदही नाही, तेव्हा पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा शिक्षण कुठे आणि किती वर्षांचं झालं ते विचारा. फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडची नोंदणीही जरूर विचारा. मला कुणी विचारलं तर मी कार्ड काढून दाखवते.

मान झटक्याने फिरवू देऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून चिरून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. विरळा आहेत, पण सोळा वर्षांच्या मुलीच्या पाठदुखीसाठी तो धोका कशाला घ्यायचा?

आता घशाकडे येते, तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे.

धावण्याने येणारा दमा आणि घशाची अडचण वरवर सारखी वाटते. फरक वेळेचा आणि दिशेचा. दम्यात छातीतल्या बारीक नळ्या आकसतात. धावताना एकवेळ निभतं, त्रास वाढतो तो थांबल्यावर, साधारण ५ ते १५ मिनिटांत. सूं-सूं आवाज श्वास सोडताना येतो, खोकला लागतो, छाती आवळते. घशाच्या अडचणीत स्वरयंत्राची फट, जी जोरात श्वास घेताना उघडायला हवी, तीच मिटायला लागते. त्रास ऐन जोरात असताना, म्हणजे शेवटच्या फेरीत. आवाज श्वास आत घेताना, तोही घशातून. थांबलं की दोन-पाच मिनिटांत मुलगी ठीक, आणि बघणाऱ्याला वाटतं की नाटक करते. ती नाटक करत नाही. हा त्रास चुरशीने खेळणाऱ्या किशोरवयीन मुलींमध्ये जास्त दिसतो आणि पंपाने त्याला उतार पडत नाही. तुम्ही लिहिलेलं वर्णन मला बरंचसं असंच वाटतं. खात्री मात्र नाक-कान-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून बघून करतील, शक्यतो जोराचा व्यायाम करवूनच, कारण शांत बसलेल्या माणसाचं स्वरयंत्र नॉर्मल दिसतं.

दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे व्यायामाआधी आणि नंतर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायची श्वासाची चाचणी, करून घ्या. सहा ते आठ मिनिटं जोरात धावल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा १० टक्के किंवा जास्त घटली तर दम्याच्या बाजूने कौल. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला मैदानात उतरणाऱ्यांना हा त्रास वाढतो. हवा कोरडी, गार, त्यात कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला. बाणेर-बालेवाडीकडे बांधकामाची धूळही असते. त्या दिवसांत मी मुलांना तोंडावर पातळ बफ (गळ्यात घालायची कापडी पट्टी) घेऊन दहा-पंधरा मिनिटं सावकाश वॉर्मअप करायला लावते, मधे चार-पाच छोटे जोराचे तुकडे. अशा वॉर्मअपने काहींच्या नळ्या पुढचा तास-दोन तास कमी आकसतात.

घशाच्या अडचणीवर उपचार म्हणजे शिकवणी, आणि ती स्पीच थेरपिस्ट उत्तम देतात. आधी बसून शिकायचं. खांदे सैल, हात बरगड्यांच्या खालच्या कडेला. मोगऱ्याचा वास घ्यावा तसा नाकाने छोटा हुंगता श्वास, मग चहावर फुंकर मारावी तसे ओठ करून लांब सोडायचा. हुंगताना स्वरयंत्राची फट उघडते, म्हणून ही युक्ती. बसून जमलं की चालताना, मग हलकं धावताना, मग २०० मीटरच्या तुकड्यात. मैदानावर ऐन त्रासाच्या क्षणी पहिल्यांदा करून बघितलं तर जमत नाही, हे मुली मला दर वेळी सांगतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने कंपासपेटीच्या झाकणाला ‘सोड आधी’ असं लिहून चिकटवलं होतं. सहाव्या आठवड्यात तिने पहिल्यांदा १५०० मीटर न थांबता पूर्ण केलं. तिचा दम नव्हता सुटत, कारण ती भीतीने श्वास घेतच राहायची आणि सोडायची नाही.

याच वयात आणखी दोन गोष्टी तपासा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा): लोह कमी असलं तरी मुली लवकर धापा टाकतात. आणि पाळी नियमित आहे का हे तिच्या आईने विचारावं. सराव भरपूर आणि खाणं अपुरं असलं की पाळी लांबते, हाडं कच्ची पडतात, मग बरगडीतही ताणाने बारीक भेग पडू शकते. अशी भेग जास्त दिसते ती नौकानयनवाल्यांना. दापोडीला सीएमईत, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, वल्ही मारणारी मुलं आहेत, त्यांच्या खेळातली ही ओळखीची दुखापत. हाडावर एका बोटाएवढ्या जागी टोचून दुखत असेल, खोकताना जीव जात असेल, तर मी बरगडीवर दाब देत नाही, आधी तपासणी लिहून देते.

हे मी एका चुकीतून शिकले. पंधरा वर्षांचा एक वेगवान गोलंदाज कंबरदुखी घेऊन आला होता. मी तीन आठवडे हाताने उपचार केले, त्याला बरंही वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून तो गोलंदाजी करत राहिला. शेवटी एमआरआय केला तेव्हा कंबरेच्या पाचव्या मणक्याच्या कमानीत ताणाची भेग निघाली. पुढचे कित्येक महिने तो चेंडूला हात लावू शकला नाही. त्याची आई मला एक शब्दही बोलली नाही, ते मला जास्त लागलं. तेव्हापासून अठरा वर्षांखालचा खेळाडू मागे वाकल्यावर कंबरेच्या एका बाजूला दुखतं म्हणाला, तर टेबलावर घेण्याआधी मी तपासणीचा कागद लिहिते.

आता गोळी. ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड गटातलं औषध आहे, अफूच्या वाटेनेच मेंदूवर काम करतं. भारतात २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. तुमच्यासाठी तितकंच महत्त्वाचं म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, स्पर्धेच्या काळात ते बंद केलंय. स्पर्धेचा काळ नियमाप्रमाणे आदल्या रात्री ११:५९ ला सुरू होतो, आणि औषध त्याआधीच्या दिवसांत घेतलेलं असलं तरी लघवीत उतरू शकतं. मुलीला नाडाच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजक-विरोधी संस्थेच्या, तपासणीला बोलावलं तर ‘डॉक्टरांनी दिली होती’ एवढ्याने भागत नाही.

नियम बाजूला ठेवला तरी मला ही गोळी तिला पटत नाही. हा गट मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतो. नेहमीच्या डोसात ट्रॅमाडॉलचा हा परिणाम कमी असतो, पण जिची तक्रारच श्वासाची आहे तिचं निदान होण्याआधी हे का द्यायचं? आणि फायदा तरी किती? अमेरिकेत कंबर, गुडघा, खुब्याच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांवर वर्षभर अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ओपिऑइड घेणारे साध्या औषधांवाल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून ताज्या कंबर-मानदुखीवरचा अभ्यास आला, त्यात सहा आठवड्यांनी ओपिऑइड आणि नुसती खोटी गोळी यांच्यात वेदनेचा म्हणण्याजोगा फरक नव्हता. हे सगळे प्रौढ लोक होते, हे खरं. पण त्यांना उपयोग नाही ते सोळा वर्षांच्या मुलीला कशाच्या जोरावर द्यायचं?

पाच आठवडे रोज घेतल्यावर शरीराला सवय लागलेली असू शकते. एकदम बंद केल्यावर अंग मोडून येणं, घाम, झोप उडणं, चिडचिड होऊ शकते, आणि घरचे म्हणतात ‘बघा, गोळी नसली की हिला किती त्रास होतो’. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवा म्हणते. एका कबड्डीपटूच्या किटबॅगेतून मी नी-कॅप काढायला गेले तर खाली शेंगदाण्याच्या चिक्कीशेजारी याच गोळ्यांच्या तीन अर्ध्या पट्ट्या होत्या. गुडघा केव्हाच बरा झाला होता. न घेतल्यास हातपाय गळतात म्हणून तो घेत होता. त्याच्या मोठ्या भावाला मी मुक्तांगणचा पत्ता दिला. १९८६ पासून ही माणसं पुण्यात व्यसनमुक्तीचं काम करतायत, त्यांना यात नवीन काही नाही.

ओपिऑइड वाईट, असंही मी म्हणत नाही. वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये कर्करोगाच्या रुग्णांची वेदनामुक्तीची सेवा १९९७ पासून चालते. तशा दुखण्यात मॉर्फिन हीच माया आहे, आणि ती नाकारणं क्रूरपणा. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवसही तसेच. धरलेल्या बरगडीची गोष्ट वेगळी.

मग दुखण्यावर करायचं काय? धावणं पूर्ण थांबवू नका, जोर कमी करा. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी उतरलं तर चालेल; सकाळी जास्त दुखत असेल तर आदल्या दिवसाचा सराव जास्त झाला. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक पंधरा मिनिटं, आणि शेकल्यावर लगेच पाठीच्या वरच्या भागाच्या हालचाली: कुशीवर झोपून वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा मागे उघडायचा, श्वास सोडत. दुखऱ्या जागी डायक्लोफिनॅकचं जेल हलक्या हाताने. अगदीच गरज पडली तर साधी पॅरासिटामॉल, मोजून, थोडे दिवस. पोटात घ्यायच्या दाहशामक गोळ्या शर्यतीआधी नकोत: उन्हात, पाणी कमी प्यायलेलं असताना मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि दमा असलेल्या काहींचा त्याने श्वास आवळतो. झोप आठ-नऊ तास. कॉलेजची सॅक एका खांद्यावर अडकवत असेल तर दोन्ही पट्टे लावायला सांगा. हाताचा उपचार पाच-सहा वेळा पुरावा. तितक्यात फरक नसेल तर आमचं निदान चुकलंय असं धरून पुढची तपासणी करायची. बारा सिटिंगचे पैसे आधी घेणारा हे म्हणू शकत नाही, त्याचा हिशेब आधीच झालेला असतो.

खोकल्याच्या औषधाबद्दल एक, कारण हे पुण्यात दर हिवाळ्यात घडतं. दुकानातून आणलेल्या पुष्कळ कफ सिरपांत टर्ब्युटालिन असतं. ते कायम बंदी असलेल्या गटात आहे, स्पर्धा असो वा नसो. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा. दमा ठरलाच तर काळजी नको: सालब्युटामॉलचा पंप ठरलेल्या मर्यादेत चालतो, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

काही लक्षणं दिसली तर यातलं काहीच करत बसू नका. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी: आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. पायात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं. छातीच्या एका बाजूला अचानक कळ आणि धाप, विशेषतः उंच सडपातळ मुलांत, तिथे फुप्फुस बसल्याची शक्यता असते. आणि धावताना चक्कर येऊन पडणं, त्यात हृदय तपासल्याशिवाय पुन्हा बूट घालायचे नाहीत.

स्पर्धेचं. बरगडी धरलेली असेल तर दोन ते चार आठवड्यांत बरीच सुटावी. घशाला महिना कमी पडतो. मी असते तर १५०० मधून नाव काढून ८०० ठेवलं असतं, तेही गोळी उतरून निकाल काय लागतोय ते दोन आठवड्यांनी बघून. निर्णय तिच्या कोचना बरोबर घेऊन करा. तिला वगळून करू नका.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक काम या रविवारी करा. सणसला शेवटच्या २०० मीटरच्या वळणावर मोबाइल घेऊन उभे राहा. ती पूर्ण जोरात येईल तेव्हापासून व्हिडिओ चालू ठेवा, रेषा ओलांडली की तिच्याजवळ जा, घशातला आवाज नीट यायला हवा. श्वास जागेवर येईपर्यंत बंद करू नका, आणि आत घेताना आवाज येतो की सोडताना, ते तिलाच विचारून लगेच लिहून ठेवा. तो व्हिडिओ, गोळीची रिकामी पट्टी आणि पंप, तिन्ही घेऊन नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जा.